हदीस केव्हा आणि कशी नोंदली गेली : पाश्चात्त्य अभ्यासकांच्या शंकांना उत्तर देताना

मराठवाड्यातल्या आमच्या जुन्या घरी, वडिलांच्या कपाटात, इब्ने हजर अस्कलानी यांच्या ‘तहजीबुत्तहजीब’ या ग्रंथाचे बारा खंड आहेत. हैदराबादच्या दायिरतुल मआरिफ या संस्थेने ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापले. या खंडांचा विषय हदीस, म्हणजे पैगंबर मुहम्मद यांची वचने व आचरण सांगणारी कथने, हा नसून ती सांगणारी माणसे हा आहे. प्रत्येक नावाशेजारी बारीक अक्षरे छापलेली असतात. ‘खे’ असेल तर त्या माणसाकडून आलेली हदीस इमाम बुखारींनी घेतली आहे, ‘मीम’ असेल तर इमाम मुस्लिम यांनी, आणि ‘ऐन’ असेल तर सहाही प्रमुख संग्रहकारांनी. त्यानंतर त्याचे गुरू, त्याचे शिष्य, आणि मग त्याच्याविषयी जाणकार काय म्हणाले याचा तपशील येतो. कुणी म्हणतो विश्वासू, कुणी म्हणतो चांगला माणूस पण स्मरण कच्चे, कुणी म्हणतो खोटारडा.

या कपाटाची आठवण होण्याचे कारण म्हणजे अलीकडे मराठी चर्चांमध्ये वारंवार वाचायला मिळणारे एक विधान : हदीस पैगंबरांच्या (स.) निधनानंतर दोनशे वर्षांनी लिहिली गेली, तोवर ती नुसती तोंडोतोंडी फिरत होती, सबब इतिहास म्हणून तिला किंमत नाही. या विधानामागे दीडशे वर्षांची विद्वत्ता उभी आहे, त्यामुळे ते ‘इस्लामविरोधी अपप्रचार’ म्हणून झटकून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. शंका नीट समजून घ्यावी आणि मग तिला पुराव्याने उत्तर द्यावे, यासाठी हा धागा काढत आहे. मी मुसलमान आहे आणि हदीस माझ्या श्रद्धेचा भाग आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र खाली जे लिहितो आहे, ते मान्य करण्यासाठी वाचकाने मुसलमान असण्याची गरज नाही.

मूळ शंका थोडक्यात अशी. हंगेरीचे विद्वान इग्नाझ गोल्डत्सिहर यांनी १८९० मध्ये असे मांडले की, हदीस साहित्याचा मोठा भाग पैगंबरांच्या काळाविषयी फारसे सांगत नाही. उमय्या आणि अब्बासी या खलिफा घराण्यांच्या काळातल्या राजकीय व धार्मिक भांडणांत प्रत्येक पक्षाने आपले म्हणणे पैगंबरांच्या तोंडी घातले आणि त्याचेच प्रतिबिंब या साहित्यात उरले. योसेफ शाख्त यांनी १९५० मध्ये हीच भूमिका अधिक धारदार केली. त्यांच्या मते सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, काळाच्या उलट दिशेने वाढत गेली. आधी एखाद्या फकीहचे (धर्मशास्त्रज्ञाचे) मत असे, पुढे ते त्याच्या गुरूच्या नावावर गेले, मग सहाबींच्या (पैगंबरांच्या सोबत्यांच्या) आणि शेवटी पैगंबरांच्या. एखाद्या वादात उपयोगी पडली असती अशी हदीस त्या वादात कुणी पुढे केली नसेल, तर ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती, असेही त्यांनी धरले. एकाच हदीसच्या अनेक साखळ्या ज्या एका माणसापाशी येऊन मिळतात, तो ‘सामायिक दुवा’ त्या हदीसचा खरा कर्ता असण्याचा संभव आहे, हा त्यांचा सर्वांत गाजलेला मुद्दा.

आता उत्तराकडे वळतो. बुखारी ८७० मध्ये वारले आणि इमाम मुस्लिम ८७५ मध्ये. पैगंबरांचे निधन ६३२ मधले. ही वजाबाकी बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण बुखारींचा ग्रंथ हा लेखनाचा आरंभ नसून निवडीचा शेवट आहे. त्यांच्या आधी इमाम मालिक यांचा ‘मुअत्ता’ आहे. मालिक ७९५ मध्ये वारले. यमनच्या सनआचे अब्दुर्रज्जाक यांचा ‘मुसन्नफ’ आहे. ते ८२७ मध्ये वारले. त्यांचे गुरू मअमर आणि इब्ने जुरैज यांच्या वह्या त्यांच्यापुढे होत्या. खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी ७१७ ते ७२० या आपल्या कारकिर्दीत मदीनेच्या अबू बक्र बिन हज्म यांना पत्र लिहून कळवले की, ज्ञान नष्ट होण्याची आणि विद्वान निघून जाण्याची मला भीती वाटते, म्हणून पैगंबरांची हदीस शोधून लिहून काढा. हे स्वतः बुखारींनीच नोंदवले आहे.

त्याही मागे जाता येते. मक्केच्या विजयानंतर पैगंबरांनी दिलेले प्रवचन यमनच्या अबू शाह यांना हवे होते, तेव्हा ‘अबू शाहसाठी लिहून द्या’ असे पैगंबर म्हणाले. हजरत अली यांच्यापाशी एक लिखित पान होते, त्यात रक्तदंडाचे आणि कैद्याच्या सुटकेचे नियम होते. अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या संग्रहाला ‘सहीफा सादिका’ असे नावच पडले. याच्या उलट, ‘कुरआनखेरीज माझ्याकडून काही लिहू नका’ ही हदीसही ‘सहीह मुस्लिम’ या इमाम मुस्लिम यांच्या संग्रहातच आहे, आणि लिहिण्याला विरोध करणारे लोक पहिल्या पिढ्यांत होते हेही तितकेच खरे. या दोन्ही बाजू मुस्लिम परंपरेने आपल्याच ग्रंथांत जपून ठेवल्या. सगळेच नंतर रचले असते, तर लिहू नका असे सांगणारी, स्वतःच्याच धंद्याला अडचणीची हदीस या लोकांनी जपली असती का?

सर्वांत ठोस वस्तू मात्र हम्माम बिन मुनब्बिह यांचा सहीफा, म्हणजे लिखित संग्रह. हम्माम हे सहाबी हजरत अबू हुरैरा यांचे शिष्य, आणि अबू हुरैरा इस्लामी कालगणनेतल्या हिजरी ५९ च्या (इ.स. ६७९ च्या) सुमारास वारले. हा १३८ हदीसींचा छोटा संग्रह हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी बर्लिन आणि दमास्कस इथल्या हस्तलिखितांवरून संपादित करून १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. या दोन्ही प्रती हम्माम यांच्या हातच्या नाहीत, शतकांनंतरच्या नकला आहेत, हे मी लपवत नाही. पण त्यातला मजकूर घ्या, इमाम अहमद बिन हंबल यांच्या ‘मुसनद’मध्ये हम्माम यांच्या नावाने आलेला मजकूर शेजारी ठेवा, आणि बुखारी व मुस्लिम यांनी त्यातून वेचून घेतलेल्या हदीस त्याच्या शेजारी ठेवा. मअमर आणि अब्दुर्रज्जाक यांच्यापासून पुढे वेगवेगळ्या शिष्यांच्या वाटांनी आलेला हा मजकूर किरकोळ शब्दभेद सोडले तर एकमेकांशी जुळतो. दोनशे वर्षे तोंडोतोंडी फिरलेली कहाणी अशी जुळत नसते.

प्रतिसाद १

धागा माहितीपूर्ण आहे, धन्यवाद. एक प्रश्न मात्र मनात राहतो. बुखारींनी सहा लाख हदीसींमधून साडेसात हजारांच्या आसपास निवडल्या असे सांगितले जाते. याचा अर्थ शंभरातल्या जवळजवळ नव्व्याण्णव खोट्या होत्या असाच होत नाही का? मग उरलेल्या एकीवर तरी का विश्वास ठेवावा?

धागालेखक

ताई, हा प्रश्न मलाही माझ्या विद्यार्थ्यांनी विचारला आहे. इथे ‘हदीस’ या शब्दाचा अर्थ पाहावा लागतो. मुहद्दिस, म्हणजे हदीसचे जाणकार, मोजत असत ते साखळ्या, मजकूर नव्हे. बुखारींची अगदी पहिलीच हदीस घ्या : ‘कृत्ये हेतूंवर अवलंबून असतात.’ पैगंबरांकडून ती केवळ हजरत उमर यांच्याच वाटेने आली आहे. उमर यांच्याकडून अल्कमा यांनी ऐकली, अल्कमांकडून मुहम्मद बिन इब्राहीम यांनी, त्यांच्याकडून मदीनेच्या यह्या बिन सईद अन्सारी यांनी. इथवर एकच धागा आहे. यह्यांकडून मात्र ती मोठ्या संख्येने लोकांनी ऐकली आणि तिथून पुढे पंखा उघडावा तशी ती पसरली. मजकूर एक, पण मोजणीत प्रत्येक साखळी वेगळी हदीस. सहा लाखांत अशी पुनरावृत्ती प्रचंड होती, शिवाय सहाबी आणि ताबिईन (सहाबींनंतरची पिढी) यांची मतेही त्यात धरली जात. बुखारींच्या साडेसात हजारांतूनही पुनरावृत्ती वगळली तर सुमारे २,६०० उरतात. बुखारींनी जे घेतले नाही ते सगळे त्यांनी खोटे ठरवले, असेही नव्हे.

याच उदाहरणात शाख्त यांच्या ‘सामायिक दुव्या’चे उत्तरही दडलेले आहे. यह्या बिन सईद हे या हदीसचे सामायिक दुवा आहेत, ही गोष्ट युरोपात कुणी शोधून काढलेली नाही. मुहद्दिसांना ती ठाऊक होती, अशा माणसाला ते ‘मदार’ म्हणत, म्हणजे ज्याच्याभोवती साखळ्या फिरतात तो आस. बुखारींचे गुरू अली बिन मदीनी यांनी तर सरळ लिहून ठेवले आहे की, सनदी सहा जणांभोवती फिरतात : जुहरी, अम्र बिन दीनार, कतादा, यह्या बिन अबी कसीर, अबू इस्हाक आणि अअमश. जी वस्तुस्थिती मुहद्दिसांनी नोंदवून, तपासून, तिच्यासाठी शब्द घडवला, तीच पुढे त्यांच्या फसवणुकीचा पुरावा म्हणून मांडली गेली. सामायिक दुवा म्हणजे त्या पिढीतला पहिला पद्धतशीर शिक्षक, ज्याच्यापाशी वही होती आणि ज्याच्याभोवती विद्यार्थी बसत, हा अर्थ अधिक सहज आहे. जर्मन अभ्यासक हराल्ड मोत्स्की यांनीही हाच अर्थ लावला.

प्रतिसाद २

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि मला धागालेखक शाख्त यांच्यावर थोडा अन्याय करत आहेत असे वाटते. हदीस मोठ्या प्रमाणावर रचल्या गेल्या हे मुस्लिम विद्वानही मान्य करतात. गोल्डत्सिहर यांनी दिलेले उदाहरण तर फार बोलके आहे. अब्दुल मलिक या उमय्या खलिफाने मक्केवर ताबा असलेल्या इब्ने जुबैर यांच्याविरुद्ध जेरुसलेमचे महत्त्व वाढवायचे ठरवले, तिथे घुमट (डोम ऑफ द रॉक) बांधला, आणि मदीनेचा विद्वान जुहरी याच्याकडून ‘तीन मशिदींखेरीज कुठल्याही मशिदीसाठी प्रवास करू नये’ ही हदीस पुढे आणवली, ज्यात जेरुसलेमची मशीद मक्केच्या बरोबरीने येते. राजसत्तेच्या गरजेतून हदीस कशी जन्मते याचा हा नमुना नाही का?

धागालेखक

दादा, उदाहरण चांगले निवडले आहे, कारण त्याची तपासणी करता येते. हदीस रचल्या गेल्या, हे मला पूर्ण मान्य आहे. इब्ने अबिल औजा नावाच्या माणसाला हिजरी १५५ मध्ये मृत्युदंड झाला, तेव्हा आपण चार हजार हदीस रचल्या असे त्याने कबूल केल्याची नोंद मुस्लिम ग्रंथांतच आहे. इब्नुल जौजी यांनी बनावट हदीसींचा स्वतंत्र ग्रंथच केला. बनावट नाणी चालतात म्हणून सराफ कसोटीचा दगड जवळ बाळगतो. त्यावरून बाजारात खरे नाणे नाहीच असे कुणी म्हणत नाही.

आता जुहरी. घुमटावरचा शिलालेख हिजरी ७२ चा आहे. जुहरींचा जन्म हिजरी ५० ते ५८ च्या दरम्यानचा सांगितला जातो. म्हणजे बांधकामाच्या वेळी ते ऐन तारुण्यात होते आणि मदीनेत शिकत होते. अब्दुल मलिक यांच्या दरबारी ते गेले ते हिजरी ८० च्या आसपास, तोवर इब्ने जुबैर मारले जाऊन काही वर्षे लोटली होती. ज्याच्या शब्दावर अख्ख्या साम्राज्याने हज सोडून जेरुसलेम गाठावे असा अधिकार त्या वेळी एका तरुण विद्यार्थ्याकडे कुठून येणार? दुसरे, ही कथा ज्याच्याकडून येते तो याकूबी हा इतिहासकार दोन शतकांनंतरचा आहे आणि उमय्यांविषयी त्याला प्रेम नव्हते. हदीस दोनशे वर्षांनंतरची म्हणून संशयास्पद, आणि हदीसविरुद्धची कथा तितक्याच नंतरची असूनही ग्राह्य, हे माप सारखे नाही. तिसरे, हीच हदीस जुहरी ज्या साखळीत नाहीतच अशा वाटेनेही आली आहे : अबू सईद खुदरी यांच्याकडून कजआ यांनी ऐकलेली, आणि तीही बुखारींच्या ग्रंथात आहे. चौथे, हदीसमध्ये मक्केची मशीद आहेच. मक्केची हज बंद करायची असेल तर असला मजकूर कोण रचेल? गोइटाइन यांच्यासारख्या अभ्यासकानेही १९५० मध्ये गोल्डत्सिहर यांचे हे स्पष्टीकरण नाकारले. याकूबीची बाजू उचलून धरणारे अभ्यासक पुढेही झाले, त्यामुळे घुमट का बांधला हा वाद मिटलेला नाही. पण जुहरींनी हदीस रचली हा आरोप मात्र टिकत नाही. उत्तर प्रदेशातल्या मऊ इथे जन्मलेले आणि केंब्रिजमधून डॉक्टरेट घेतलेले मुहम्मद मुस्तफा आझमी यांनी हे मुद्दे सविस्तर मांडले आहेत.

शाख्त यांच्या मौनाच्या युक्तिवादाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. एखाद्या ग्रंथात एखादी हदीस नाही, यावरून ती जगातच नव्हती असे ठरत नाही. इराकमधल्या कूफ्याच्या फकीहला मदीनेतली हदीस ठाऊक नसणे त्या काळात नेहमीचे होते, आणि ठाऊक असूनही तिचा उल्लेख गरजेचा न वाटणे हेही नेहमीचेच होते.

प्रतिसाद २ यांचा पुढील प्रश्न

जुहरींपुरते मान्य. पण ही एका हदीसची गोष्ट झाली. संग्रहच्या संग्रह खरे आहेत हे कसे कळावे? सनद तर कुणीही लिहू शकतो.

धागालेखक

कुणीही लिहू शकतो हे खरे, पण खोटे लिहिणाऱ्याच्या हाताला एक वळण असते. मोत्स्की यांनी १९९१ मध्ये नेमके तेच तपासले. त्यांनी बुखारी बाजूला ठेवून अब्दुर्रज्जाक यांचा ‘मुसन्नफ’ घेतला. (हा अकरा खंडांचा ग्रंथ १९७० नंतर प्रथमच छापील रूपात उपलब्ध झाला, आणि त्याचे संपादनही मऊचेच मौलाना हबीबुर्रहमान आझमी यांनी केले. शाख्त यांच्यापुढे हा ग्रंथ छापील रूपात नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.) त्यात मअमर यांच्याकडून आलेला मजकूर सुमारे ३२ टक्के, इब्ने जुरैज यांच्याकडून २९, सुफयान सौरी यांच्याकडून २२, आणि उरलेला कितीतरी लोकांकडून थोडा थोडा. मग एकेक स्रोत उघडून पाहिला. इब्ने जुरैज यांच्या मजकुरातला जवळजवळ ३९ टक्के भाग एकट्या मक्केच्या अता बिन अबी रबाह यांच्याकडून आहे; मअमर यांचा मुख्य भाग मात्र जुहरी आणि कतादा यांच्यात वाटलेला आहे. प्रत्येकाची धाटणी निराळी.

आता अता यांच्या मजकुराकडे जवळून पाहा. अता हे सहाबींचे शिष्य. इब्ने जुरैज त्यांना प्रश्न विचारतात आणि उत्तर नोंदवतात. त्यातले सुमारे ८० टक्के अता यांचे स्वतःचे मत आहे, हदीस नव्हे. पैगंबरांचा हवाला तर फारच थोड्या ठिकाणी आहे. काही ठिकाणी इब्ने जुरैज सांगतात की, हे मी अता यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकले नाही, दुसऱ्याने मला सांगितले. कुठे अता आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगतात, कुठे त्यांनी मत बदलल्याची नोंद आहे. बनावट करणाऱ्याला सरळ पैगंबरांचे नाव घालता येत असताना त्याने ८० टक्के जागा गुरूच्या साध्या मतावर का खर्च करावी, आणि आपल्याच गुरूचे अज्ञान का नोंदवावे? मोत्स्की यांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा की, हा मजकूर खरोखरच पहिल्या हिजरी शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आणि दुसऱ्याच्या आरंभापर्यंत मागे जातो.

इथे मला माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचे आहे. मोत्स्की यांनी सगळी हदीस खरी ठरवली, असे लिहिलेले मी अनेकदा वाचतो, आणि ते खरे नाही. त्यांनी तारीख मागे नेली आणि सरसकट नाकारण्याला आधार नाही हे दाखवले. तिथून पैगंबरांपर्यंतचे शेवटचे अंतर प्रत्येक हदीससाठी स्वतंत्रपणे तपासावे लागते.

प्रतिसाद ३

भाईजान, सलाम. आपली मेहनत दिसते, पण मला प्रामाणिकपणे विचारावेसे वाटते की, जे काम आपल्या इमामांनी बाराशे वर्षांपूर्वी पुरे केले, त्याला जर्मन प्राध्यापकाच्या शिक्क्याची गरज का पडावी?

धागालेखक

वालैकुम सलाम. शिक्क्याची गरज नाही. पण इमामांनी काम कसे केले हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आपण ‘सहीह (अस्सल) आहे’ एवढे म्हणून थांबतो; ते थांबत नसत. वर तहजीबचा उल्लेख केला, त्यातले इजिप्तचे इब्ने लहीआ यांचे उदाहरण घ्या. मोठे विद्वान, काझी. त्यांच्या घराला आग लागून त्यांची पुस्तके जळाली, आणि त्यानंतर ते स्मरणातून सांगू लागले तेव्हा चुका होऊ लागल्या. टीकाकारांनी काय केले? त्यांना खोटारडे म्हटले नाही आणि आदरापोटी सूटही दिली नाही. त्यांनी विद्यार्थ्यांची विभागणी केली : इब्ने मुबारक, इब्ने वहब यांच्यासारख्यांनी आधी ऐकले, त्यांचे ऐकणे बरे, नंतरच्यांचे कच्चे. अब्दुर्रज्जाक यांची दृष्टी उतारवयात गेली, तेव्हा इमाम अहमद यांनी त्यांच्याबाबतीतही हाच हिशेब लावला. आणि दारकुतनी यांनी तर बुखारी व मुस्लिम यांच्या काही सनदींवर बोट ठेवले, त्यांना कुणी धर्माबाहेर काढले नाही. शंका घेण्याची ही शिस्त आपली आहे, आणि शंका विचारणाऱ्याला रागाने उत्तर देताना आपण ती सोडून देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद ४

मराठी साहित्याचा अभ्यासक म्हणून हे वाचताना लीळाचरित्र आठवले. म्हाइंभटांनीही चक्रधरस्वामींच्या लीळा प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडे जाऊन, विचारून गोळा केल्या, आणि मूळ प्रत हरवल्यावर वेगवेगळ्या शिष्यांच्या स्मरणातून वेगवेगळे पाठ उभे राहिले. महानुभावांनी ते पाठभेद पुसले नाहीत. तुलना योग्य आहे का?

धागालेखक

सर, बऱ्याच अंशी योग्य आहे, आणि मराठी वाचकाला सनदीची कल्पना यावी म्हणून मी हे उदाहरण यापुढे वापरेन. कुणाच्या आठवणीतला पाठ हे सांगण्याची गरज भासणे, हीच दोन्हीकडची मोठी गोष्ट. फरक इतकाच की, लीळा एका पंथाच्या वर्तुळात राहिल्या. हदीस मात्र अर्ध्या शतकात स्पेनच्या वाटेपासून खुरासानपर्यंत विखुरलेल्या, एकमेकांशी भांडणाऱ्या शहरांत गेली. त्यामुळे एकाने घातलेली भर दुसऱ्या शहरात उघडी पडण्याची सोय आपोआप झाली.

प्रतिसाद २

शेवटचा प्रश्न. सनद विचारण्याची पद्धत नेमकी केव्हा सुरू झाली? बसऱ्याचे विद्वान इब्ने सीरीन यांचे वाक्य नेहमी सांगितले जाते, पण शाख्त यांनी ते बनावट म्हटले आहे.

धागालेखक

इमाम मुस्लिम यांच्या प्रस्तावनेत ते आहे : आधी लोक सनद विचारत नसत, पण ‘फितना’ (यादवी) घडला तेव्हा म्हणू लागले, तुमच्या माणसांची नावे सांगा. शाख्त यांनी हा फितना म्हणजे हिजरी १२६ मधला खलिफा वलीद बिन यजीद याचा खून असे धरले, आणि इब्ने सीरीन तर ११० मध्येच वारले, म्हणून वाक्य बनावट ठरवले. पण वाक्यात वलीदचे नाव कुठेच नाही. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्या हत्येनंतरचे हिजरी ३५ पासूनचे यादवी युद्ध, किंवा इब्ने जुबैर यांच्या काळातले साठीच्या दशकापासूनचे दुसरे, यांपैकी कुठलेही धरले तरी अडचण उरत नाही. अरबीत नुसते ‘फितना’ म्हटले की पहिली आठवण उस्मान यांच्या हत्येची येते. हदीसवर कठोर असणारे डच अभ्यासक युइनबोल यांनीही शाख्त यांची तारीख सोडून दुसरे यादवी युद्ध धरले. म्हणजे अगदी सावध हिशेबानेही, पैगंबरांना पाहिलेली काही माणसे हयात असतानाच ‘तू हे कुणाकडून ऐकलेस’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला होता. बसऱ्यातले शेवटचे सहाबी अनस बिन मालिक हिजरी ९३ च्या सुमारास वारले, आणि इब्ने सीरीन त्यांचेच शिष्य.